जुना लष्करी ट्रक : बारगिराचे घोडे शिलेदाराच्या दारी



वसंत ऋतूतील या व्याख्यानांना नियमाने येणाऱ्या श्रोत्यांना इतिहास, साहित्य आणि तत्त्वज्ञान हे विषय नवे नाहीत. आज मी जो विषय घेऊन उभा आहे, त्याला मात्र इंजिनच्या काळ्या तेलाचा वास येतो. लष्कराने वापरून काढून टाकलेला ट्रक एखाद्या साध्या गृहस्थाने विकत घ्यावा, चालवावा आणि आपल्या सोयीप्रमाणे बदलावा, या उद्योगात व्याख्यानाजोगे काय आहे, असे कोणी विचारील. या उद्योगात यंत्रशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे, आणि मालकी म्हणजे काय याचा एक धडाही आहे, एवढेच उत्तर तूर्त देतो. बाकीचे तासाभरात आपोआप पुढे येईल.

दुसरे महायुद्ध संपले आणि ‘डिस्पोजल’ हा शब्द आपल्या बाजारात रुळला. सैन्याचे बूट, कांबळी, तंबू, पेट्रोलचे डबे, जीपगाड्या, ट्रक, सारे काही ‘डिस्पोजल’मध्ये मिळू लागले. सरकारी खरेदी-विक्रीच्या मध्यवर्ती खात्याच्या इंग्रजी नावातही हा शब्द पुढे कितीतरी वर्षे होता. ते खाते २०१७ साली बंद झाले. वस्तू दणकट आणि किंमत थोडी, एवढेच गिऱ्हाइकाला दिसे. ती थोडी का, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे. आज आपण तोच विचारू.

उत्तर शोधण्यासाठी मी तुम्हांला मराठ्यांच्या घोडदळाची आठवण देतो. आपल्या फौजेत स्वारांचे दोन वर्ग असत. बारगिराला घोडे आणि हत्यार सरकारातून मिळे. घोड्याचा दाणावैरण, नाल, औषधपाणी हे सारे सरकारी पागेकडे असे. घोडे पडले तर दुसरे मिळे. शिलेदार मात्र आपले घोडे आणि आपले हत्यार घेऊन चाकरीला येई. घोडे मेले तर नुकसान त्याचे. म्हणून शिलेदार घोड्याला जपून असे, आणि भलत्या धाडसात घालायला कचरे. लष्करी ट्रक हा जन्माने बारगिराचा घोडा आहे. लिलावात तो शिलेदाराच्या दारी येतो. घोडा येतो, परंतु पागा मागेच राहते. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. आता ते उदाहरणाने उलगडू.

प्रथम, असे ट्रक शिल्लक कसे पडतात ते पाहू. युद्धकाळात कारखाने आजच्या गरजेपुरते काढीत नाहीत; उद्या जे नष्ट होणार आहे तेही आजच काढून ठेवतात. अमेरिकेच्या जीएमसी कंपनीचा सहा चाकी शक्तीचा अडीच टनी ट्रक घ्या. १९४१ ते १९४५ या काळात तो साडेपाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. १९४४ च्या ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये आघाडीला पेट्रोल, दारूगोळा आणि शिधा पोचवणारी ‘रेड बॉल एक्सप्रेस’ ही वाहतूक मुख्यतः याच ट्रकांनी केली. तिच्या चालकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन होते. इंजिनाचा वेग ठराविक मर्यादेच्या आत ठेवणारा एक नियंत्रक या ट्रकांवर बसवलेला असे, आणि वेळ गाठण्यासाठी पुष्कळ चालक तो निकामी करून टाकीत. लष्करी ट्रकात ‘सुधारणा’ करण्याची हौस अशी सैनिकांपासूनच सुरू झाली. इंजिने झिजली, टायर फाटले. पण मागे पागा होती. दुरुस्ती तुकड्या होत्या, नवे ट्रक जहाजांतून उतरत होते. बारगिराने घोडा दामटला, खर्च सरकारने सोसला.

युद्ध संपले तेव्हा ही प्रचंड सामग्री काढून टाकणे हेच एक काम होऊन बसले. अमेरिकेने त्यासाठी १९४४ सालीच खास कायदा केला होता. पेटीत बंद असलेली कोरी जीप ५० डॉलरना मिळते, ही दंतकथा त्याच काळातली; ती पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि जीप काही कोणाला त्या भावात मिळाली नाही. परंतु खऱ्या गोष्टीही कमी नवलाच्या नव्हत्या. फिलिपाइन्समधील लोकांनी मागे राहिलेल्या जीपगाड्यांचा सांगाडा लांबवला, दोन्ही बाजूंना बाके टाकली, वर छप्पर चढवले आणि रंगीबेरंगी ‘जीपनी’ उभी केली. एका गरीब, उद्ध्वस्त देशाची सार्वजनिक वाहतूक त्या फेरफारातून उभी राहिली. तेव्हा फेरफार करणे हे मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता एकच ट्रक घेऊन त्याची नीट तपासणी करू. जीएमसीच्या त्या ट्रकानंतर १९५० च्या सुमारास अमेरिकन सैन्यात एम-३५ या नावाचा अडीच टनी ट्रक आला. मूळ रचना मिशिगन राज्यातील रिओ कंपनीची. पुढे इतर कंपन्यांनीही तो बांधला. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो सैन्याच्या सेवेत राहिला, आणि निवृत्त झाल्यावर हजारोंच्या संख्येने नागरिकांच्या हाती गेला. जुन्या लष्करी ट्रकांच्या हौशी मंडळींत त्याच्याइतका परिचित ट्रक क्वचितच असेल.

‘अडीच टनी’ या शब्दानेच नवखा फसतो. ट्रकाचे स्वतःचे वजन सुमारे ५,९०० किलो भरते. अडीच टन हा त्याने वाहायचा भार, आणि तोही रस्ता सोडून शेतातून, चिखलातून जाताना. चांगल्या रस्त्यावर त्याला दुप्पट भार चालतो. म्हणजे नाव ठेवताना सैन्याने सर्वांत वाईट परिस्थिती धरली. दहा टायर, तीन ॲक्सल, तिन्ही ॲक्सलना इंजिनाची शक्ती. वेगाची कमाल मर्यादा ताशी ५६ मैल, म्हणजे सुमारे ९० किलोमीटर. तीही सपाट रस्त्यावर. एका लिटरमध्ये साधारण साडेतीन ते चार किलोमीटर. हे आकडे ऐकून ज्याचा उत्साह मावळेल, त्याने येथेच थांबलेले बरे.

या ट्रकाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या इंजिनात आहे. नंतरच्या एम-३५ मध्ये अनेक इंधनांवर चालणारे इंजिन बसवले गेले. डिझेल, रॉकेल, विमानाचे जेट इंधन, आणि अडचणीच्या वेळी पेट्रोलही त्याला चाले. हे साधले कसे? साध्या डिझेल इंजिनात इंधनाचे तुषार तापलेल्या हवेत मारतात आणि ते एकदम पेट घेतात. या इंजिनात पिस्टनच्या माथ्यावर एक वाटीसारखा खळगा असतो आणि इंधनाचा बराचसा भाग त्या वाटीच्या भिंतीवर पसरवला जातो. आत घुसळणारी हवा भिंतीवरून इंधनाची वाफ हळूहळू उचलते आणि जळण क्रमाक्रमाने होते. त्यामुळे इंधनाच्या जातीचा फरक फारसा जाणवत नाही. ही पद्धत जर्मनीतील मान कंपनीची. जबलपूरला १९५९ च्या सुमारास आपल्या सैन्यासाठी ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागले, तेही याच कंपनीच्या परवान्याने. दोन खंडांतील दोन सैन्यांच्या ट्रकांचे असे हे दूरचे नाते आहे.

इंजिन काहीही पचवते असे कळल्यावर हौशी मालकांनी त्यात हॉटेलातले तळणीचे तेल आणि गाड्यांतून काढलेले जळके तेलही डिझेलमध्ये मिसळून घातले. ट्रक चालला, पैसे वाचले. परंतु सैन्याने ‘अनेक इंधने’ म्हटले ते रसद तुटल्यावेळच्या निभावणीसाठी. रोजचा आहार डिझेलचाच होता. जळक्या तेलातील धातूचा कीस आणि तळणीच्या तेलातील पाणी नीट गाळून काढले नाही, तर इंधनपंपाचे बारीक भाग झिजतात. थंडीत तेल घट्ट होऊन गाळण्या तुंबतात. फुकटचे तेल घालायचे तर गाळण्याची मेहनत फुकट होत नाही. पागेत दाणा पाखडायला माणूस होता. येथे तो तुम्हीच.

आता क्षणभर अशी कल्पना करा की तुम्ही या ट्रकात चढून बसला आहात. किल्ली शोधू नका, ती नाही. रणांगणात किल्ली हरवली म्हणून ट्रक अडून चालत नाही. एक खटका वर करायचा आणि बटन दाबायचे. इंजिन गडगडून सुरू होते आणि त्याबरोबर एक कर्कश भोंगा वाजू लागतो. नवखा मनुष्य दचकतो. तो भोंगा सांगत असतो की ब्रेकला जोर देणारी हवा अजून टाकीत भरलेली नाही. काटा वर चढेपर्यंत आणि भोंगा थांबेपर्यंत जागचे हलायचे नाही. मग क्लच, गिअर आणि ते थाळ्याएवढे स्टिअरिंगचे चाक. त्याला मदत करणारे कोणतेही यंत्र नाही. उभ्या ट्रकाचे चाक वळवताना खांदे भरून येतात. हवा खेचणारा टर्बो अशी शिट्टी घालतो की शेजारच्याशी बोलणे कठीण. मुक्कामी पोचल्यावर इंजिन बंद करायलाही खटका पुरत नाही. इंधन तोडणारी एक दांडी ओढावी लागते. हे सारे शिकता येते, आणि शिकताना मौजही वाटते. परंतु ज्या गोष्टीत मौज नाही, ती पुढेच आहे.

ती म्हणजे ब्रेक. एम-३५ चे ब्रेक तेलाच्या दाबाने लागतात आणि हवेच्या दाबाने त्यांना जोर मिळतो. परंतु सहाही ठिकाणच्या ब्रेकना तेल पुरवणारा मार्ग एकच. आजच्या गाडीत दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तर दुसरा निदान अर्धी गाडी धरतो. येथे एका चाकाजवळची एक रबरी नळी फुटली, की पायाखालचा पॅडल तळाला जातो आणि सहा टनांचा ट्रक पुढे चालूच राहतो. हँडब्रेक म्हणाल, तर तो उभा ट्रक जागी धरण्यासाठी; पळत्या ट्रकाला थांबवण्याचा भरवसा त्याच्यावर टाकता येत नाही.

मग सैन्याने असा धोका पत्करला कसा? येथेच पागेचे महत्त्व कळते. अमेरिकन सैन्यात या ट्रकाची माहितीपुस्तके माणसांच्या पायरीप्रमाणे वेगळी छापलेली असत. क्रमांकाच्या शेवटी १० असेल ते पुस्तक चालकासाठी. २० असेल ते तुकडीच्या मेकॅनिकसाठी. ३४ असेल ते त्यावरच्या कार्यशाळेसाठी. त्यापलीकडे इंजिन पूर्ण खोलून नवे करणारे डेपो. चालकाने निघण्यापूर्वी, चालवताना आणि परतल्यावर काय काय पाहावे, याची यादी ठरलेली. नळ्या तपासण्याचा, तेल बदलण्याचा दिवस ठरलेला. कंटाळवाणी देखभाल सैनिकांच्या गळी उतरावी म्हणून १९५१ पासून सैन्याने चक्क चित्रकथांचे मासिक चालवले आणि त्याचे काम विल आइस्नर या नामांकित चित्रकाराकडे दिले. तो एकमार्गी ब्रेक सुरक्षित होता तो या माणसांच्या साखळीमुळे. साखळी तुटली, की ब्रेक तोच राहतो आणि सुरक्षितता नाहीशी होते.

दहा वर्षे आवारात उभा राहिलेला ट्रक लिलावात घेणाऱ्याने हे ध्यानात धरले पाहिजे. रंग नवा असतो, टायरवर नक्षी ठसठशीत असते. पण रबर आतून वाळलेले असते. घरी आणल्यावर पहिला खर्च रंगावर किंवा दिव्यांवर न करता ब्रेकच्या साऱ्या नळ्यांवर आणि चाकांतील सिलिंडरांवर करावा. तेल घालतानाही सांभाळावे. अमेरिकन सैन्याने १९८० नंतर सिलिकोनचे ब्रेक-तेल वापरायला घेतले. ते बाजारातील नेहमीच्या तेलात एकजीव होत नाही. आत कोणते आहे हे न पाहता वरून दुसरे ओतणारा मनुष्य स्वतःच्याच ब्रेकशी वैर करतो.

दुसरा धोका चाकाचा. जुन्या लष्करी चाकांवर टायर अडकवून ठेवणारी एक सुटी लोखंडी रिंग असते. आपल्याकडच्या महामार्गावरील टायरवाल्यांनाही जुन्या ट्रकांमुळे ती परिचित आहे. रिंग गंजलेली किंवा नीट न बसलेली असेल, तर हवा भरताना ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. त्यात माणसे मेली आहेत. म्हणून चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, दूर उभे राहून हवा भरायची; आणि खोलण्यापूर्वी सारी हवा सोडायची. हे काम घरच्या अंगणात हौसेने करण्याचे नव्हे.

आता फेरफारांकडे वळू. एम-३५ चा सर्वांत लोकप्रिय फेरफार म्हणजे मागचा एक ॲक्सल काढून टाकणे, चासी आणि हौदा कापून आखूड करणे. दहा टायरांचा ट्रक आटोपशीर होतो, कमी जागेत वळतो, टायरांचा खर्च घटतो. परंतु मागचे दोन्ही ॲक्सल एका जोड-पाट्यावर एकमेकांना तोलून धरीत असतात. त्यातला एक काढला, की पाट्यांची बांधणी नव्याने करावी लागते, भार वाहण्याची शक्ती घटते, आणि मागचे निम्मे ब्रेकही त्या ॲक्सलबरोबर जातात. ज्याने हे हिशेबात धरले त्याचा ट्रक छान चालतो. ज्याने फक्त करवत धरली, त्याचा ट्रक केवळ छान दिसतो.

दुसरा फेरफार मोठ्या टायरांचा. मूळ टायरचा व्यास सुमारे ४० इंच. त्याजागी नव्या लष्करी ट्रकांचे ४६ इंची टायर बसवतात. ट्रक रुबाबदार दिसतो आणि इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत सुमारे १५ टक्के अधिक अंतर कापतो. ५६ मैलांचा वेग ६४ वर जातो. आता हिशेब करा. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ती सुमारे ३२ टक्के वाढली. चाक मोठे झाल्याने त्याच ब्रेकचा जमिनीवरील जोर मात्र सुमारे १३ टक्के घटला. एका बाजूने घेणे वाढले, दुसऱ्या बाजूने देणे आटले. आणि ब्रेक तोच एकमार्गी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असा हा प्रकार.

लहान फेरफारही निष्पाप नसतात. ट्रकाची वीज २४ व्होल्टची, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून घेतलेली. रेडिओ लावायचा म्हणून एकाच बॅटरीवरून तार काढली, की ती बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी कायम अजीर्णाने आजारी. महिन्या-दोन महिन्यांत दोन्ही कामातून जातात. २४ चे १२ करणारे छोटे यंत्र मध्ये बसवले की प्रश्न सुटतो.

मग कोणता फेरफार योग्य? माझ्या मते, पागेची उणीव भरून काढतो तो योग्य, आणि ती उणीव वाढवतो तो अयोग्य. ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग करणारा फेरफार जाणत्या हौशी मंडळींनी पुष्कळ ट्रकांवर केला आहे. तो बाहेरून दिसत नाही, छायाचित्रात येत नाही, आणि तोच पहिला करावा. स्टिअरिंगला हवेच्या दाबाची मदत जोडणे, आसनाला कंबरपट्टा लावणे हेही त्याच जातीचे.

आपल्या देशात हा उद्योग करू पाहणाऱ्याने कायदाही पाहावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ नोंदीतील रचना मनास येईल तशी बदलता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. सैन्याचा तो हिरवट रंगही, ज्याच्यासाठी पुष्कळांचा जीव तुटतो, नियमाने फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. जबलपूरला १९९९ पर्यंत बनलेली ‘जोंगा’ लिलावातून घेऊन प्रेमाने सांभाळणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांनाही रंग बदलावा लागतो आणि कागदपत्रे आधी पाहावी लागतात. गाडी स्वस्त आणि कागद महाग, असे येथे पुष्कळदा घडते.

इतके सारे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग हा पांढरा हत्ती दारात बांधायचा कशाला? याचे उत्तर अमेरिकेतील खेड्यांत सापडते. तेथील स्वयंसेवकांच्या छोट्या अग्निशमन पथकांना सरकारी योजनेतून असे जुने ट्रक मिळत आले. पाण्याची टाकी आणि पंप चढवून रानातील वणवा विझवायला ते नेतात. नवा ट्रक घेण्याची ज्यांची ऐपत नाही, अशा गावांना त्यांनी आधार दिला. तसेच, १९७६ साली तेथे जुन्या लष्करी वाहनांच्या मालकांची एक संघटना निघाली. १९१९ साली अमेरिकन सैन्याच्या मोटारींचा तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला ६२ दिवसांत गेला होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर त्यात तरुण अधिकारी होते. २००९ साली या संघटनेच्या सभासदांनी आपल्या जुन्या गाड्या घेऊन त्याच वाटेने प्रवास केला. असा प्रवास एकट्याचे काम नव्हे. एकाजवळचा सुटा भाग, दुसऱ्याचे कसब आणि तिसऱ्याची माहितीपुस्तके एकत्र येतात, तेव्हा तो पार पडतो. शिलेदारांनी मिळून आपली पागा उभी केली, असे मी याला म्हणतो.

म्हणून, उद्या तुमच्यापैकी कोणी लिलावाच्या आवारात उभा राहिला आणि त्या धिप्पाड ट्रकाकडे पाहून त्याचे मन डोलू लागले, तर त्याने बोलीचा आकडा उच्चारण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा उभा करायला जागा आहे का? याची तिन्ही पुस्तके मी वाचीन का? आणि याच्या ब्रेकची नळी शेवटची कोणी, कधी बदलली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘ठाऊक नाही’ असे असेल, आणि बहुधा तसेच असते, तर ती नळी बदलण्याचा खर्च बोलीतच धरावा. मग खुशाल ट्रक घ्यावा. घोड्यावर बसण्याचा आनंद बारगिरालाही होता आणि शिलेदारालाही. परंतु संध्याकाळी घोड्याचे खूर उचलून पाहणे शिलेदाराला कधी चुकले नाही.